शेवटचं पान उलटण्याआधी

बाईंनी माझी मुलाखत घेतली तेव्हा माझ्या पदवीकडे पाहिलंसुद्धा नाही. प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आणलेलं सर्टिफिकेट माझ्या मांडीवर तसंच राहिलं. त्यांनी सतरंजीवर चित्रांची तीन पुस्तकं टाकली आणि म्हणाल्या, "यातलं एक निवड. चार वर्षांच्या मुलांना दाखवायचंय."

मी तालुक्याच्या शाळेत शिकलेली. आमच्या शाळेत पुस्तकांचं कपाट होतं, पण त्याची किल्ली हेडमास्तरांच्या जानव्याला असायची. चित्रं मी पाहिली ती किराणा दुकानाच्या कॅलेंडरवर. त्यामुळे ती तीन पुस्तकं पाहून माझा जीव दडपला. तरी मी धीराने एक उचललं. खरं बोलणाऱ्या मुलाची गोष्ट होती, भाषा शुद्ध होती आणि शेवटी ठळक अक्षरांत तात्पर्य होतं.

"हे का?" बाईंनी विचारलं.

"भाषा चांगली आहे. मुलांवर संस्कार होतील."

"हे तू तुझ्या हेडमास्तरांसाठी निवडलंस," बाई म्हणाल्या. "ते येणार असतील तर त्यांना दाखवू."

नोकरी गेली असं समजून मी उठले आणि चपला घालू लागले. तेव्हा मागून आवाज आला, "कुठे चाललीस? सोमवारपासून ये."

"पण माझं उत्तर चुकलं ना?"

"चुकलं. पण पुस्तक उघडायच्या आधी तू हात साडीला पुसलेस. ते काही मला शिकवता आलं नसतं. बाकीचं शिकवते."

आमच्या घरात माझ्याआधी कुणी सातवीच्या पुढे गेलं नव्हतं. पुस्तकाला पाय लागला तर आई दोनदा नमस्कार करायला लावायची. त्या सवयीला मुंबईत कुणी पगार देईल असं मला कधी वाटलं नव्हतं.

आमची बालवाडी घाटकोपरला, टेकडीवरची वस्ती जिथे खाली उतरते तिथे, अण्णांच्या छापखान्याच्या वरच्या खोलीत भरायची. अण्णा मूळचे कोकणातले. छपाईच्या अक्षरांचे खिळे जुळवणारा कामगार म्हणून मुंबईत आले आणि पुढे स्वतःच्या छापखान्याचे मालक झाले. वरची खोली त्यांनी बाईंना सकाळपुरती मोकळी दिली होती. खाली मशीन चालू झालं की वर सतरंजी थरथरायची आणि मुलं त्यावर पालथी पडून पोटाला गुदगुल्या करून घ्यायची.

त्या उतारावर बाईंची एक तऱ्हा सगळ्यांना माहीत होती. त्या मुलांना अहोजाहो करत आणि मोठ्यांना अरेतुरे. "अहो संतोष, नाक पुसा. अहो मनीषा, चपला उलट्या घातल्यात तुम्ही." एकदा महापालिकेचे एक अधिकारी पाहणीला आले आणि मुलांच्या बुटक्या खुर्चीवर बसायला गेले. बाई म्हणाल्या, "ऊठ रे, मोडेल ती. खाली बस." ते खाली बसले. मी नंतर भीत भीत विचारलं, असं का बोलता म्हणून. तर म्हणाल्या, "मोठ्यांना मान द्यायला सगळं जग बसलंय. यांना कोण देतं?" अण्णांनाही त्या "अरे अण्णा" म्हणत. अण्णांना ते आवडायचं नाही. कामगारांसमोर तर मुळीच नाही.

पुस्तकं विकत घ्यायला आम्ही स्टेशनजवळच्या एका दुकानात जायचो. बाई पायरी चढताना दिसल्या की दुकानदार आतल्या माणसाला ओरडून सांगायचा, "अरे, पाणीवाली बाई आली! वरची पुस्तकं आत घे!" कारण बाईंच्या पिशवीत औषधाच्या बाटलीत पाणी असायचं. त्या अंगठा ओला करून पुस्तकाच्या मागच्या कोपऱ्यावर घासायच्या आणि अंगठा उजेडाकडे धरून बघायच्या. रंग लागला तर पुस्तक परत. "पोरं पुस्तक आधी चाखतात, मग बघतात."

"बाई, हे पुस्तक आहे की भाजी?" दुकानदार वैतागायचा.

"भाजी धुऊन घेता येते रे," बाई म्हणायच्या आणि पुस्तक गुडघ्याच्या उंचीवरून जमिनीवर टाकायच्या. शिलाई सुटली तर तेही परत.

त्यांची तिसरी परीक्षा मात्र मला घाम फोडायची. त्या पुस्तकातल्या अक्षरांवर पुठ्ठ्याची पट्टी धरायच्या आणि समोर दिसेल त्या लहान मुलाला नुसती चित्रं दाखवायच्या. मुलाने काहीतरी सांगितलं, काहीही, तर पुस्तक पास. एकदा बसस्टॉपवर त्यांनी एका अनोळखी बाईच्या कडेवरच्या मुलाला असं चित्र दाखवलं. ते पोर खुदकन हसून बाईंच्या अंगावर झेपावलं. त्याच्या आईने किंचाळून त्याला मागे ओढलं. "पोरं पळवणारी आहे ही!" दोन मिनिटांत पंचवीसएक माणसं जमली. एकाने बाईंची पिशवी हिसकावली. मी हात जोडून सांगत होते, अहो, या शिक्षिका आहेत, बालवाडीच्या आहेत. बाई मात्र त्या गर्दीत उभ्या राहून मलाच म्हणत होत्या, "बघितलंस? ससा बघून हसला. ससा उलटा धरला होता मी, तरी हसला. हे घेऊ या."

पुस्तक वाचून दाखवताना त्या ते मुलांकडे तोंड करून धरायच्या आणि स्वतः त्यात कधी बघायच्या नाहीत. सगळं पाठ असायचं. "पुस्तक काय बघायचं? ते काय पळून जाणारेय? मुलांच्या तोंडाकडे बघ. कुठल्या पानावर कोण कुठे गेलं ते तिथे कळतं." आणि एक नियम कडक होता. गोष्टीतला शब्द बदलायचा नाही. मी एकदा मुलांना कळावं म्हणून राजहंसाला बदक म्हटलं होतं. दुसऱ्या दिवशी बाईंनी तेच पुस्तक वाचलं तेव्हा मनीषा उभी राहून माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "टीचर खोटं बोलली." बाई मला रागावल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, "आता महिनाभर ती तुझं काही खरं मानायची नाही." खरोखर मानलं नाही.

पुढे मी एका शाळेच्या ग्रंथालयात लागले, माझ्या हाताखाली दोन माणसं आली. आजही नवीन पुस्तक आलं की माझा अंगठा आपोआप ओला होतो आणि ती दोघं एकमेकांकडे बघतात. बघू देत. बाई शेवटची काही वर्षं मुलुंडला भावाकडे होत्या, तिथेच गेल्या. मी भेटायला जायचे तेव्हा त्या शेजारच्या मुलांना अहोजाहो करत असायच्या आणि डॉक्टरला अरेतुरे.

त्यांच्याबद्दल कुणी विचारलं की लोकांना मी पाण्याच्या बाटलीच्या गमती सांगते. पण मला त्या खऱ्या कळल्या त्या दीपालीच्या वेळी.

गिरण्यांचा संप लांबला होता ते दिवस. टेकडीवरची कितीतरी कुटुंबं कोकणातली, घरचा माणूस गिरणीत. पगार थांबले तशी माणसं बायकांना गावी धाडू लागली. शेतीचं काम होईल आणि मुंबईतलं एक ताट कमी होईल, असा हिशोब. आमच्या वर्गात कुणालाही विचारलं, आई कुठे आहे, की "गावाला" असं उत्तर यायचं, नळावर गेली म्हणावं तितक्या सहज. मग कधीतरी एसटीने ती परत यायची, आणि ते मूल दुसऱ्या दिवशी डोक्याला चपचपीत तेल लावून, खिशात फणसाच्या आठळ्या घेऊन यायचं. जाणाऱ्या आया आणि येणाऱ्या आया मुलांच्या सवयीच्या झाल्या होत्या.

दीपालीची आई मात्र गावाला गेली नव्हती. कावीळ झाली आणि आठवड्याभरात ती हॉस्पिटलातच वारली. त्या दिवसांत दीपालीला शेजारी ठेवलं होतं. सगळं उरकल्यावर कोकणातून आत्या आली आणि तिने पोरीला सांगितलं, आई गावाला गेलीय. त्या टेकडीवर याहून सोपं खोटं दुसरं नव्हतं. कुणाला शिकवावंही लागलं नाही. सगळी वस्ती तेच बोलू लागली.

आत्या आम्हालाही सांगायला आली. मागे दीपालीचे पप्पा जमिनीकडे बघत उभे. त्यांची गिरणी सुटली होती, आता विक्रोळीच्या एका कंपनीत हेल्पर होते.

"बाई, तिका कायच सांगू नकात हां," आत्या म्हणाली. "लहान आसा चेडू. मोठी झाली की कळतला."

"मी तिला खोटं सांगणार नाही," बाई म्हणाल्या. मग पप्पांकडे वळल्या. "आणि तुझ्या आधी खरंही सांगणार नाही, कुणालाच. ते तुझं काम. पण लवकर कर."

"सांगतो बाई. मीच सांगतो. थोडे दिवस द्या."

"तिने मलाच विचारलं तर?"

त्यांनी आत्याकडे पाहिलं. बाईच म्हणाल्या, "तर मी काय करेन ते मला माहीत नाही." मला काही माहीत नाही असं बाईंच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं.

दुसऱ्या दिवसापासून पुस्तक निवडणं म्हणजे विस्तवाशी खेळ झाला. आई नसलेलं मुलांचं पुस्तक शोधून बघा म्हणजे कळेल. बदकाच्या पिल्लाचं घेतलं तर चौथ्या पानावर आई. हत्तीचं घेतलं तर मुखपृष्ठावरच आई. भाज्यांचं एक पुस्तक निर्धास्तपणे काढलं, तर त्यात छोट्या भेंडीला मोठी भेंडी दटावत होती. शाळा सुटल्यावर आम्ही दोघी उद्याचं पुस्तक शोधत बसायचो. मी पानं चाळून म्हणायचे, "यात नाहीये बाई." आणि त्या एखादं पान उलटून बोट ठेवायच्या. दूर खिडकीत कुणाचा तरी पदर दिसत असायचा.

शेवटी वाहनांचं पुस्तक काढलं. रिक्षा, टांगा, डबलडेकर. त्यात लाल एसटी आहे हे आम्हा दोघींच्याही लक्षात राहिलं नाही. ते पान आलं तशी दीपाली पुढे सरकली आणि एसटीच्या खिडकीवर बोट टेकवून सगळ्यांना म्हणाली, "यातून माझी आई येणारेय."

"माझी आली," संतोष म्हणाला.

"तुझी आधी गेलेली म्हणून."

बाईंचे डोळे दीपालीच्या तोंडावर होते. "पुढचं पान बघू या का, दीपाली?" त्यांनी विचारलं. पान उलटायची परवानगी त्या कधी कुणाकडे मागत नसत.

रोज संध्याकाळी बाई टेकडी चढून जायच्या. दारात उभं राहून एकच प्रश्न, "सांगितलंस?" आणि पप्पा म्हणायचे, "उद्या नक्की, बाई." एकदा मी सोबत होते. उतरताना बाई म्हणाल्या, "किती दिवस हिला पुस्तकांपासून लपवायचं? एक दिवस कुठलं तरी पान तिला सांगून टाकेल. आणि पान काही तिला जवळ घेणार नाही."

अशात अण्णा एक पुस्तक घेऊन वर आले. हाताची शाईसुद्धा वाळली नव्हती. स्वतः लिहिलेलं, एका चित्रकाराकडून चित्रं काढून घेतलेली आणि स्वतःच छापलेलं. दुसऱ्याच दिवशी असलेल्या त्यांच्या आईच्या वर्षश्राद्धाला बालवाडीच्या प्रत्येक मुलाला ते पुस्तक द्यायचं आणि पाहुण्यांसमोर बाईंनी ते वाचून दाखवायचं, असं त्यांनी ठरवलं होतं.

गोष्ट साधी होती. मुंबईच्या खोलीत एक मुलगा आहे. त्याची आई भातलावणीला गावी गेलीय. मुलगा वाट बघतो, रुसतो, करपलेल्या भाताचा वास घेतो, बापाच्या पाठीवर झोपतो. शेवटच्या आधीच्या पानावर तो एसटी स्टँडवर उभा आहे आणि दुरून लाल एसटी वळण घेतेय. शेवटच्या पानावर आई एसटीतून उतरतेय, डोक्यावर बोचकं, तोंडभर हसू.

बाईंनी अंगठा ओला केला. रंग लागला नाही. पुस्तक टाकलं. शिलाई हलली नाही. अक्षरांवर पट्टी धरून संतोषला दाखवलं, तर त्याने सगळी गोष्ट घडाघडा सांगितली आणि शेवटच्या पानावर "आली!" म्हणून उडीच मारली.

"चालेल," बाई म्हणाल्या. एवढ्या लवकर हा शब्द त्यांनी कुठल्याच पुस्तकाला दिला नव्हता. अण्णा जिना उतरताना खाली सगळ्यांसाठी चहा सांगत असल्याचं ऐकू आलं.

बाई पुस्तक मांडीवर घेऊन बसून राहिल्या. "इतकं चांगलं पुस्तक या खोलीत आलं नव्हतं गं. आता काय करू सांग."

मग त्या खाली गेल्या. मी मागोमाग. "अण्णा, आठ दिवस थांब."

"का?"

"ते सांगता येत नाही. कबूल केलंय."

"बाई, तिथी आठ दिवस थांबत नाही. पाहुण्यांना बोलावणी गेलीत." अण्णांनी हातातलं फडकं टेबलावर टाकलं. "तुमच्या सगळ्या तऱ्हा मी चालवून घेतल्या. कामगारांसमोर अरेतुरे चालवून घेतलं. पण हे माझ्या आईचं आहे. हे वाचायचं नसेल, तर वर बालवाडी तरी कशाला हवी मला?"

बाई तिथूनच टेकडीकडे निघाल्या. दीपालीचे पप्पा दारातच बसले होते. बाईंनी सगळं सांगितलं आणि म्हणाल्या, "आज सांग. नाहीतर उद्या तिला पाठवू नकोस."

"धाडूचंय नाय मी तिका," आत्या आतून म्हणाली. पप्पांनी मान हलवली.

श्राद्धाच्या दिवशी मशीन बंद होतं. फोटोला हार, भिंतीलगत खुर्च्यांवर पाहुणे, मध्ये सतरंजीवर मुलं. मी मुलं नीट बसवत होते आणि माझा हात थांबला. पहिल्या रांगेत लाल फ्रॉक घालून दीपाली बसली होती.

"रडून रडून जीव खाल्ला हो," मागून तिची शेजारीण म्हणाली. "सगळ्यांना पुस्तक मिळणार आणि मलाच नाही म्हणे. आत्या नळावर होती, मीच घेऊन आले."

बाईंनीही पाहिलं होतं. पुस्तक घेण्याच्या निमित्ताने त्या माझ्याजवळ आल्या. ओठ न हलवता बोलल्यासारखं बोलल्या, "तिच्या बापाला आण. पळ. मी जमेल तेवढं लांबवते."

मी साडी खोचून पळाले. टेकडीच्या पायऱ्या शेवाळलेल्या, मध्ये गटार, कुणी विचारतंय, "काय झालं टीचर?" मी उत्तर दिलं नाही. दीपालीचे पप्पा आरशाच्या तुकड्यासमोर दाढी करत होते, दुपारच्या पाळीला जायचं होतं म्हणून. अर्ध्या गालावर साबण.

"ती तिथे आहे," मी म्हटलं. "ते पुस्तक वाचायला सुरुवात झालीय."

त्यांचा वस्तरा तसाच राहिला. "तिथे कशी? आक्का!"

आत्या हंडा घेऊन दारात आली. ऐकून तिने हंडा खाली ठेवला. "वाचूंदेत मां. गोष्ट ती. त्याच्यात काय आसा?"

"त्यात आई एसटीतून उतरते," मी म्हटलं. "हसत उतरते. आणि आज घरी आल्यावर ही दारात बसून एसटीची वाट बघेल. उद्याही बघेल. तुम्ही रोज काय सांगाल?"

"आत्ता?" पप्पा म्हणाले. "सगळ्या लोकांसमोर?"

"लोकांसमोर नको. जिन्यावर घेऊन जा. पण आत्ताच."

त्यांनी टॉवेलने साबण पुसला आणि अनवाणी माझ्यापुढे धावत सुटले.

इकडे बाईंनी काय काय केलं ते मला नंतर शेजारणीने सांगितलं. त्यांनी सगळ्या पाहुण्यांसमोर पाण्याची बाटली काढली आणि अण्णांच्या पुस्तकाचा कोपरा पुन्हा घासला. एका म्हाताऱ्या पाहुण्याचा अंगठा धरून त्यालाही घासायला लावला. पुस्तक दोनदा जमिनीवर टाकलं. आईच्या नावाचं पुस्तक जमिनीवर टाकलं म्हणून अण्णांच्या बहिणी कुजबुजू लागल्या, काही जण तोंडावर रुमाल धरून हसले. मग बाईंनी प्रत्येक मुलाला नाव घेऊन विचारलं, "अहो, तुम्हाला नीट दिसतंय ना?" अण्णांचे कान लाल झाले होते. "बाई, पुरे झालं. वाचा."

मी जिना चढून दारात आले तेव्हा बाई शेवटच्या आधीच्या पानावर होत्या. मुलं गुडघ्यांवर उभी राहिली होती. दीपाली पूर्णच उभी होती. बाईंचा अंगठा पानाखाली होता.

"उलटा पान, बाई," अण्णा दात आवळून म्हणाले.

बाईंचे डोळे मुलांवरून दाराकडे आले. अर्धी दाढी केलेला तो माणूस त्यांना दिसला. अंगठा तिथेच राहिला.

"दीपू," पप्पांनी हाक मारली.

तिने मागे बघितलंही नाही. "पप्पा, थांबा ना. आई उतरतेय."

पाहुण्यांत हसू फुटलं. "आई उतरतेय म्हणे!" पप्पा मुलांच्या पाटी-दप्तरांतून वाट काढत गेले आणि त्यांनी तिला उचललं. ती किंचाळली. "नको! एसटी आलीय! बाई, पान उलटा ना!" तिचे पाय त्यांच्या छातीवर आपटत होते.

"अहो, बघू द्या की पोरीला," एक पाहुणे म्हणाले.

"काय तमाशा लावलाय हा?" अण्णा उठले.

"अण्णा, खाली बस," बाई म्हणाल्या. आवाज अजिबात चढला नव्हता. "तुझ्या आईसाठी बस. थोडा वेळ."

ते तिला घेऊन बाहेर गेले तशी मीही बाहेर येऊन दार लोटून घेतलं आणि दारापाशीच उभी राहिले. जिन्याच्या चौथ्या-पाचव्या पायरीवर पप्पा तिला मांडीवर घेऊन बसले होते. ती हुंदके देत होती. ते तिच्या केसांवरून हात फिरवत राहिले. मला वाटलं, हा माणूस आजही उद्या म्हणणार.

"दीपू, आई गावाला गेली नाही."

"आत्या म्हणाली गेलीय."

"आत्या खोटं बोलली. मी पण खोटं बोललो. आई आजारी होती ना, हॉस्पिटलमध्ये? तिथेच मेली ती, बाळा."

तिने हातानेच नाक पुसलं. मग म्हणाली, "म्हणजे एसटीत नाहीये?"

"नाही."

"या एसटीत नाहीये?"

"कुठल्याच एसटीत नाही."

"रात्रीच्या पण?"

"रात्रीच्या पण नाही."

तिने त्यांच्या तोंडाकडे बघितलं. बहुतेक पहिल्यांदाच तिने त्यांना रडताना पाहिलं असावं. मग तिने गाल त्यांच्या गालाला लावला, दाढी केलेल्या बाजूला, आणि रडू लागली. मघाचं रडणं हट्टाचं होतं. हे वेगळं होतं. मी दार ढकलून आत वळले आणि बाईंकडे बघून मान हलवली.

बाईंनी पान उलटलं. शेवटचं वाक्य होतं तसंच, एक शब्द न बदलता म्हटलं. "आली!" म्हणून मुलांनी खोली डोक्यावर घेतली. त्यांच्यातल्या कितीतरी जणांच्या आया अजून यायच्या होत्या.

पाहुणे गेल्यावर मी अण्णांना सगळं सांगितलं. आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. ते ऐकता ऐकता मुलांच्या बुटक्या खुर्चीवर बसले, आणि बाईंनी त्यांना उठवलं नाही.

"मला सांगायचं ना, बाई."

"त्या माणसाला शब्द दिला होता."

"माझ्या आईचं पुस्तक त्या पोरीला... असं व्हायला नको होतं."

"पुस्तक चांगलं आहे रे तुझं," बाई म्हणाल्या. "चांगलं होतं म्हणूनच भीती होती."

खोलीचा विषय अण्णांनी पुन्हा काढला नाही. अरेतुरेचा मात्र पुढेही काढत राहिले.

दीपाली काही दिवस आली नाही. आली तेव्हा आत्याचं बोट धरून आली. मी ते पुस्तक आधीच फळीवर मागे सारून ठेवलं होतं. बाईंनी ते पुढे आणून ठेवलं. मी काही बोलणार तेवढ्यात त्यांनी मला हातानेच थांबवलं.

मुलं पुस्तकं घ्यायला धावली. दीपाली सगळ्यांच्या मागून गेली आणि तिने तेच उचललं. सतरंजीच्या टोकाला बसून थेट शेवटचं पान उघडलं. मी तिच्या शेजारी जाऊन बसले.

"ही त्याची आई," ती चित्रावर बोट ठेवून म्हणाली.

"हो," मी म्हटलं.

"त्याची एसटीत होती."

"हो."

तिने बराच वेळ त्या हसऱ्या तोंडाकडे बघितलं. मग पुस्तक मिटलं, उठली आणि बाईंच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली. "मला वाचून दाखवा. माझं वाचायचं राहिलंय."

बाई सतरंजीवर मांडी घालून बसल्या. त्यांनी पुस्तक नेहमीसारखं स्वतःच्या हातात धरलं नाही. ते दीपालीच्या मांडीवर ठेवलं. "अहो दीपाली, पानं तुम्ही उलटा. मी म्हणत जाते."

दीपालीने पहिल्या पानावर दोन्ही हात पसरून ठेवले.

"थांबा हं," ती म्हणाली. "मी उलटेन तेव्हाच म्हणायचं."

"बरं," बाई म्हणाल्या, आणि थांबल्या.